आपल्या देशाची वीज : कोठून येते आणि केव्हा येते

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत ‘वीज’ हा विषय भूगोल व विज्ञान अशा दोन्ही बाजूंनी येतो. भूगोलात वीजकेंद्रांची नावे येतात, विज्ञानात जनित्राची आकृती येते, आणि बहुधा दोन्ही पाठ आपापल्या जागी संपतात. मुले कोयना, तारापूर, चंद्रपूर, कोराडी ही नावे बिनचूक सांगतात. नकाशात ठिपकेही बरोबर देतात. परंतु त्या ठिपक्यांचा घरातील दिव्याशी व मळ्यातील पंपाशी काय संबंध आहे, असे विचारले असता वर्ग गप्प बसतो.

एका खेड्यातील सातवीच्या वर्गात असाच पाठ चालू असताना गुरुजींनी वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखविली. देशातील एकूण वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू व तेल यांवाचून चालणाऱ्या केंद्रांची झाली आहे, अशी ती बातमी होती. बातमी खरी होती. जून २०२५ अखेर ही स्थिती आली. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मग गुरुजी, आमचे अण्णा अजून रात्री दोन वाजता मोटार चालू करायला मळ्यात का जातात? परवा तिथं नाग निघाला.” गुरुजींनी “उद्या सांगतो” असे म्हटले, आणि विशेष हे की, खरोखरीच दुसऱ्या दिवशी सांगितले. प्रश्न बातमीशी विसंगत वाटला तरी तो पाठाच्या गाभ्याचा होता. वीज किती आहे एवढे सांगून त्याचे उत्तर होत नाही. ती कोणत्या घटकेला आहे, हे सांगावे लागते. वीजकेंद्रांचा पाठ त्या दृष्टीने कसा मांडता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

मेगावॅट आणि युनिट

मुलांच्या मनातील पहिला गोंधळ ‘मेगावॅट’ व ‘युनिट’ या दोन शब्दांचा असतो. खरे सांगावयाचे तर तो मोठ्यांच्याही मनात असतो आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही आढळतो. हा गोंधळ व्याख्या पाठ करून जात नाही. मळ्यातील पंपाचे उदाहरण घेतले म्हणजे लगेच जातो. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅटचा पंप. तो विहिरीवर बंद पडलेला असला तरी पावणेचार किलोवॅटचाच असतो. मात्र त्या दिवसाचे त्याचे युनिट शून्य. तोच पंप आठ तास चालला म्हणजे तीस युनिट झाले. किलोवॅट हे अंगातील बळ होय, युनिट हे झालेले काम होय. बैलजोडी गोठ्यात बांधून ठेवली तर तिचे बळ कमी होत नाही, पण नांगरटही होत नाही, हे खेड्यातील मुलास सांगावे लागत नाही.

एक हजार किलोवॅट म्हणजे एक मेगावॅट. पाच अश्वशक्तीचे सुमारे दोनशे पासष्ट पंप एकाच वेळी चालविण्यास जेवढी शक्ती लागेल तेवढी. फलकावर हा हिशेब मुलांकडूनच काढून घ्यावा. त्यानंतर ‘कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे’ हे वाक्य त्यांच्या दृष्टीने केवळ परीक्षेचे राहत नाही.

चिंचोक्यांच्या दोन राशी

येथे शंभर चिंचोक्यांच्या दोन राशी उपयोगी पडतात. खडेही चालतील, परंतु चिंचोके गोळा करावयास मुलांना आवडतात.

पहिली रास क्षमतेची. ३१ मार्च २०२५ रोजी देशातील सर्व केंद्रांची मिळून क्षमता सुमारे ४ लाख ७५ हजार मेगावॅट होती. ही शंभर चिंचोक्यांएवढी मानली तर कोळसा व लिग्नाइट यांचे सत्तेचाळीस, सूर्यविजेचे बावीस, वाऱ्याचे दहा, मोठ्या जलविद्युत् केंद्रांचे दहा, वायूचे पाच, उसाची चिपाडे इत्यादी जैव पदार्थ व लहान जलविद्युत् मिळून चार, आणि अणुविजेचे दोन. दुसरी रास प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांची, २०२४-२५ या वर्षाची. तीत कोळशाचे त्र्याहत्तर चिंचोके होतात! सूर्याचे आठ, मोठ्या जलविद्युत् केंद्रांचे आठ, वाऱ्याचे पाच, अणुविजेचे तीन, वायूचे दोन, उरलेला एक इतरांचा. आकडे ढोबळ आहेत व दर वर्षी थोडे बदलतात. सूर्याचा वाटा तर वेगाने वाढत आहे. तरी राशींमधील फरक डोळ्यांत भरण्यास एवढे पुरे.

दोन्ही राशी शेजारी मांडल्यावर मुलांना बोलू द्यावे. ‘सूर्याचे बावीस होते, ते आठ कसे झाले?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यास जोडून दुसरी जोडी दाखवावी. देशातील सूर्यविजेची क्षमता अणुविजेच्या सुमारे तेरा पट आहे. वर्षाकाठी तिने दिलेले युनिट मात्र जवळपास अडीच पटच भरतात. सौर पॅनेलात दोष आहे म्हणून असे होत नाही. रात्र असते, सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे असते, आषाढात आभाळ भरलेले असते. सर्व मिळून पॅनेलाचे वर्षभराचे काम दिवसाकाठी पूर्ण शक्तीच्या चार-साडेचार तासांएवढेच होते. अणुभट्टी एकदा चालू झाली म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ एकाच चालीने चालते. देशातील पहिले अणुवीजकेंद्र तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झाले, आणि २००५-०६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांची भर पडली, एवढा उल्लेख या इयत्तेस पुरेसा आहे.

वायूविषयी तर त्याहूनही थोडके बोलावे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळजवळचे सुमारे १,९६७ मेगावॅटचे वायुकेंद्र पुरेशा वायूअभावी वर्षानुवर्षे आपल्या क्षमतेच्या अल्पांशानेच चालले. गोठ्यात बांधलेल्या बैलजोडीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

कोळसा : रात्रंदिवस धगधगणारी चूल

दुसऱ्या राशीत कोळशाचा एवढा ढीग का, याचे उत्तर चंद्रपुरात मिळते. तेथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ते दिवसभर पूर्ण शक्तीने चालले तर सुमारे सात कोटी युनिट होतात. आपल्याकडील कोळशातून एक युनिट काढण्यास ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे दिवसाला सुमारे एकोणपन्नास हजार टन. हा सर्व कोळसा आगगाडीनेच आणावयाचा झाला तर, एका मालगाडीत चार हजार टन धरून, रोज बारा मालगाड्या लागतील. प्रत्यक्षात खाणी जवळच असल्याने काही कोळसा इतर मार्गांनीही येतो. गणिताच्या तासाला हा गुणाकार-भागाकार अवश्य घ्यावा; पुस्तकातील काल्पनिक आगगाड्यांपेक्षा या आगगाड्या मुलांना खऱ्या वाटतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ, बहुधा तीस ते चाळीस टक्के असते, तेव्हा रोज किती राख उरत असेल, हाही हिशेब त्यांना करू द्यावा. राखेच्या विटा होतात, सिमेंटातही ती जाते. तथापि उरलेल्या राखेचे तलाव व हवेत उडणारी भुकटी यांचा जाच केंद्राभोवतालच्या गावांना होतो, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्याही नजरेतून निसटते. औष्णिक केंद्र कोळशावर चालते हे अर्धेच खरे आहे. ते पाण्यावरही चालते. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरविते, आणि मग वाफ पुन्हा थंड करण्यास आणखी पुष्कळ पाणी लागते. चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई नदीवर धरण बांधावे लागले ते याचसाठी. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. मराठवाड्यातील शाळांत हे उदाहरण प्रथम घ्यावे.

कोळशाच्या केंद्राचा स्वभाव मोठ्या लग्नातील भट्टीसारखा असतो. पेटविण्यास वेळ लागतो, विझविणे परवडत नाही. थंड झालेला संच पुन्हा पूर्ण शक्तीस आणण्यास कित्येक तास जातात. म्हणून मध्यरात्री मागणी उतरली तरी त्यास बंद करीत नाहीत. ताव कमी करून धगधगता ठेवतात. हा तावही साधारणतः निम्म्याच्या फार खाली नेता येत नाही. मुलाच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे आहे. तो तसाच ठेवून पाण्याकडे वळावे.

सह्याद्रीवरून उतरणारे पाणी

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीचा प्रारंभ पाण्याने झाला. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवून ते मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस सोडण्यात आले, आणि १९१५ मध्ये टाटांच्या या केंद्राची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांस मिळू लागली. त्यानंतर भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे झाली. भिऱ्यासाठी मुळशीस धरण बांधण्याचे ठरले तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झाले, जमिनी गेल्या. विजेच्या पाठात इतिहासाचा हा तुकडा अवांतर आहे असे काहींस वाटेल. परंतु मुंबईच्या गिरणीतील दिवा आणि मावळातील बुडालेले भातखाचर ही एकाच पाण्याची दोन टोके आहेत, आणि मुलांस दोन्ही दिसावीत हे योग्य.

कोयनेचा प्रकल्प हा या सर्वांत मोठा. महाबळेश्वरजवळ उगम पावून कोयना सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. तिचे पाणी स्वभावतः बंगालच्या उपसागराकडे जाणारे. अभियंत्यांनी ते हेळवाकजवळ सुमारे १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडविले आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून पश्चिमेस वळविले. पश्चिमेस कडा सरळ तुटलेला आहे. पोफळीस डोंगराच्या आत कोरलेल्या वीजघरात हे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून उतरते, टर्बाइन फिरविते, पुढे कोळकेवाडीच्या तलावात साठून आणखी एकदा वीज देते, आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. पहिली वीज १९६२ मध्ये निघाली. पुढे टप्पे वाढत गेले. १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी पाण्याखालीच स्फोट करून चौथ्या टप्प्याच्या बोगद्यास तोंड पाडण्यात आले. या एका टप्प्याची क्षमता १,००० मेगावॅट आहे. नदी कोणत्या दिशेने वाहते आणि वीज कोणत्या दिशेच्या उतारावर होते, हे मातीच्या उठावाच्या नकाशावर पाणी ओतून दाखविल्यास अर्ध्या तासाचे काम पाच मिनिटांत होते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे मोठा भूकंप झाला व दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरण टिकले, पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले. धरणाखाली गावे गेलेल्या लोकांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी मात्र त्यानंतर कित्येक दशके चालूच राहिली.

आता हिशेब. एक हजार लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरची पाच पिंपे, पोफळीस उतरली की सुमारे एक युनिट वीज होते, किंचित अधिकच. एवढ्या पाण्यातून एवढीच वीज, हे ऐकून मुले चकित होतात, आणि ‘सातशे ग्रॅम कोळसा बरोबर पाच पिंपे पाणी’ हे समीकरण वर्गात पुष्कळ दिवस टिकते. कोयना प्रकल्पाची सर्व यंत्रे वर्षभर अखंड चालली तर सुमारे १,७१७ कोटी युनिट होतील. ती तशी चालू शकत नाहीत. कृष्णेच्या पाण्यावर कर्नाटक व आंध्र यांचाही हक्क. म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७० च्या दशकातील निवाड्यात कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तेवढ्या पाण्यातून, वरचा व खालचा उतार मिळून, ढोबळमानाने तीनशे कोटी युनिटांपर्यंतच वीज निघते. क्षमतेचा सुमारे सहावा भाग!

मग एवढी मोठी यंत्रे बसविलीच कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, ती वर्षभर चालविण्यासाठी बसविलेलीच नाहीत. पाण्याचे दार उघडले की यंत्र काही मिनिटांत पूर्ण शक्तीस येते, दार बंद केले की थांबते. सायंकाळी घरोघर दिवे लागतात, मुंबई-पुण्यात एकाच वेळी लक्षावधी बटणे दाबली जातात, तेव्हा कोळशाची भट्टी तेवढ्या चपळाईने धावू शकत नाही, कोयना धावते. मोजकेच पाणी असल्याने ते जपून, अत्यंत गरजेच्या घटकेस खर्च करावयाचे असते. कोयनेस ‘महाराष्ट्राची वरदायिनी’ म्हणतात, ते तिच्या युनिटांच्या संख्येवरून म्हणत असतील तर ते बरोबर नाही. तिच्या वेळेवरून म्हणत असतील तर यथार्थ आहे.

तराजू

वीज साठवून ठेवण्याची कणगी नाही, हे या पाठातील सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक वाक्य होय. ज्या क्षणी ती लागते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. देशातील सर्व केंद्रे आज एकाच जाळ्यात जोडलेली आहेत आणि त्यांची सर्व जनित्रे एकाच लयीत फिरतात. प्रवाहाची आवर्तने सेकंदास पन्नास, ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखावयाची असतात. मागणी वाढली की चढणीस लागलेल्या गाडीच्या बैलांप्रमाणे सर्व जनित्रांची चाल मंदावते. मागणी घटली की उतारावरील गाडीप्रमाणे ती वाढते. चाल फार बिघडली तर यंत्रे स्वतःस वाचविण्यासाठी जाळ्यातून सुटतात, आणि एकामागून एक प्रदेश अंधारात जातो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी असेच झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची जाळी एकदम कोसळली व सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. पश्चिमेचे जाळे, ज्यात महाराष्ट्र आहे, ते वाचले. दक्षिणेचे जाळे तोवर वेगळ्या लयीत चालत असे. ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने उर्वरित देशास जोडले गेले आणि देशाचे एक जाळे पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे.

तराजू कसा सांभाळतात याचे उत्तम उदाहरण ५ एप्रिल २०२० चे आहे. साथीच्या दिवसांत त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन झाले होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३२ हजार मेगावॅटने उतरली आणि लगेच पुन्हा चढू लागली. कोळशाच्या भट्ट्यांना एवढी कसरत साधली नसती. जलविद्युत् केंद्रे आधीपासून मोठ्या प्रमाणावर चालू ठेवण्यात आली, नऊ वाजता त्यांची दारे भराभर मिटण्यात आली, आणि नंतर पुन्हा उघडण्यात आली. जाळे ढळले नाही. आज सातवीत असलेली मुले तेव्हा लहान होती. तरी घरी लावलेल्या पणत्या पुष्कळांना आठवतात, आणि वर्ग या गोष्टीने जागा होतो.

कणगी नाही असे वर म्हटले, त्यास थोडी मुरड घालावी लागेल. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वर एक तलाव व घाटाखाली शहापूरच्या बाजूस दुसरा तलाव आहे. मागणी कमी असताना खालचे पाणी पंपाने वर चढवितात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. २५० मेगावॅटचे हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. चढविण्यास जेवढी वीज खर्च होते तेवढी सर्व परत मिळत नाही. परंतु दुपारची वीज संध्याकाळी मिळते, आणि लाभ तोच. अशी आणखी केंद्रे सह्याद्रीत उभारण्याच्या योजना आहेत. मोठ्या बॅटऱ्याही बसविल्या जात आहेत.

रात्री दोन वाजताचा पंप

आता मुलाच्या प्रश्नाकडे यावे. रात्री अकरानंतर शहरांतील दिवे मालवतात, कचेऱ्या व दुकाने बंद असतात, मागणी उतरते. कोळशाच्या भट्ट्या मात्र एका मर्यादेखाली उतरविता येत नाहीत. उलट सकाळी व सायंकाळी ओढाताण असते. शेतीच्या पंपांचा भार फार मोठा, आणि पाणी दोन तास मागेपुढे मिळाल्याने पीक लगेच जळत नाही. म्हणून हा भार उतरत्या मागणीच्या वेळेत सरकविण्यात आला. गावठाणाची वाहिनी व शेतीची वाहिनी वेगळ्या करण्यात आल्या. शेतीच्या वाहिनीवर तिन्ही फेजांचा पुरवठा ठरावीक तासच, आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी पाळी लागली. जाळ्याचा तराजू सांभाळण्याच्या दृष्टीने ही तोड शहाणपणाची होती. तिचा भार कोणी वाहिला, हे मात्र त्या मुलाने एका वाक्यात सांगितले आहे. अंधारात बांधावरून चालणारा मनुष्य, विंचू-साप, जुन्नर भागात बिबट्या, ओल्या हाताने उघडलेली स्टार्टरची पेटी, या गोष्टी कोणत्याही केंद्राच्या क्षमतेच्या तक्त्यात येत नाहीत.

पहिल्या राशीतील सूर्याच्या बावीस चिंचोक्यांचे महत्त्व येथे कळते. ते रात्री उपयोगी नाहीत, हा त्यांचा दोष सांगून झाला. परंतु भर दुपारी ते विपुल असतात, आणि पंप दुपारी चालला तर बिघडत नाही. किंबहुना शेतकऱ्यास तेच हवे आहे. २०१७ मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राच्या जवळपास सौर पॅनेल बसवून त्यांची वीज शेतीच्या वाहिनीसच द्यावयाची, अशी तिची मांडणी आहे. ज्या वाहिन्यांवर हे काम पूर्ण झाले तेथे पंपाची पाळी दिवसाची होते; जेथे झाले नाही तेथे अण्णांना रात्रीच जावे लागते. बातमी खरी आणि मुलाचा प्रश्नही खरा, याचा उलगडा हा असा. देशाची निम्मी क्षमता बदलली. त्या विशिष्ट वाहिनीची घटिका अद्याप बदलली नव्हती.

पॅनेलांसाठी पुष्कळ ठिकाणी गायरान जमीन घेतली जाते. तेथे कोणाची गुरे चरत होती, हा प्रश्न ग्रामसभेत निघतो, आणि मुलांच्या घरी तो बोलला जात असतो. वर्गात निघाल्यास तो दाबू नये.

वाऱ्याच्या विजेस एक परिच्छेद पुरे. कोयना जलाशयाच्या वरच्या अंगास वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. ज्या आषाढ-श्रावणात ऊन नसते, त्याच महिन्यांत तेथील वारा सर्वांत जोराचा असतो. सूर्याची तूट वारा काही अंशी भरून काढतो, एवढे लक्षात आणून द्यावे.

वर्गातील काम

या पाठास तीन तासिका ठेवाव्यात. पहिलीत पंपाचे उदाहरण व चिंचोक्यांच्या राशी, दुसरीत उठावाच्या नकाशावर कोयना, तिसरीत घटिकांचा तक्ता. तक्त्यासाठी प्रत्येक मुलाने एका आठवड्याची वही ठेवावी. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात कोणत्या वेळी कोणती उपकरणे चालू होती आणि शेतीच्या वाहिनीस वीज केव्हा आली, ती नोंद करावी. शाळेच्या मीटरचे आकडे प्रार्थनेच्या वेळी व शाळा सुटताना दोन मुलांनी आळीपाळीने टिपावेत. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी पिठाच्या गिरणीची वेळ लिहावी. गिरणीवाले सहसा आनंदाने सांगतात. आठवडाअखेर सर्व वह्यांवरून फलकावर एकच मोठा तक्ता करावा आणि गावाची मागणी केव्हा चढते व केव्हा उतरते ते मुलांनीच सांगावे. शक्य असल्यास गावच्या वायरमनला शाळेत बोलवावे. उपकेंद्रातील माहिती त्याच्याइतकी सोप्या शब्दांत दुसरा कोणी सांगणार नाही.

निरीक्षणाच्या निमित्ताने कोणत्याही मुलाने डी.पी., स्टार्टरची पेटी किंवा लोंबकळणाऱ्या तारेजवळ जाऊ नये, ही सूचना पहिल्या तासिकेस द्यावी व दर दिवशी पुन्हा द्यावी. रात्रीच्या वेळांची नोंद मुलांनी जागून करावयाची नाही. ती सकाळी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून करावी, आणि रात्री मळ्यात कोण गेले होते व किती वाजता परतले, तेही त्याच ओळीत लिहावे.